रशीदचाचा, भिंग बरोबर होतं

चाचा,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. चाळिसावा अजून व्हायचा आहे. तोवर घरात रोज कुणी ना कुणी येऊन बसतं, असं चाची म्हणाल्या. मीही दोनदा येऊन बसले. बुलढाण्याहून चिखलीला येताना एसटीत सगळं मनाशी जुळवलं होतं, शब्द न् शब्द पाठ केला होता. पण दारात तुमची निळी स्कूटर दिसली आणि पाठ केलेलं सगळं मनातच राहिलं. दोन्ही वेळा चाचींनी चहा दिला, मी तो प्याले आणि तशीच परत निघाले.

म्हणून लिहायला बसले. तुम्हाला वाचायची हौस नव्हती, हे ठाऊक आहे मला. माझ्या ड्रॉइंगवरच्या टिपा तुम्ही कधी वाचल्या नाहीत. आकडे तेवढे पाहायचे आणि बाकीचं मला विचारायचे. तेव्हा हे कुणीतरी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतंय असं समजा, आणि मध्ये बोलू नका. तुम्ही मध्ये बोललात की मी भांडते.

भांडणानेच तर सुरुवात झाली होती आपली. चार वर्षांपूर्वी तुमच्या दुकानात पहिल्यांदा आले, तेव्हा माझ्या हातात ड्रॉइंगची सुरळी होती आणि नाकावर राग. त्याआधी दोन वर्कशॉपनी मला परत पाठवलं होतं. कॉलेजातली फिजिक्सची बाई, तिला पांढऱ्या प्लास्टिकचं भिंग कातून हवंय, म्हणजे हिचं काहीतरी बिनसलंय, असा चेहरा करून. तुमच्या लेथवर ट्रॅक्टरचा शाफ्ट फिरत होता. तुम्ही मशीन काही बंद केलं नाही. शाफ्ट पुरा होईपर्यंत मला बाकड्यावर बसवून ठेवलंत, मग हात पुसून कागद उलगडलात, आणि तोही उलटा.

"भिंग म्हंजे काचेचं न?"

"नाही चाचा, टेफ्लॉनचं."

"मंग त्यातून दिसन काय?"

"काहीच दिसणार नाही. पण आमची लहर आरपार जाईल."

"लहर बी दिसत नाही, भिंगातून बी दिसत नाही," तुम्ही म्हणालात. "मंग ते गेलं का नाही, हे मी कसं पाहू?"

"ते मी पाहीन. तुम्ही फक्त माप सांभाळा."

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते, चाचा. मी पाहीन, तुम्ही माप सांभाळा. तुम्ही तुमचा अर्धा वाटा चार वर्षं चोख सांभाळलात.

त्या दिवशी चहा होईपर्यंत मी तुम्हाला समजावत होते. मोबाईलची लहर एकीकडे, उजेड दुसरीकडे आणि आमची या दोघांच्या मधली. टेराहर्ट्झ म्हणतात तिला. हवा कोरडी असली की ती तारेशिवाय इतकी माहिती वाहून नेते, की अख्खा सिनेमा पापणी लवायच्या आत पलीकडे पोचेल. पण हवेत वाफ आली की ती थकते, कारण पाणी तिला पिऊन टाकतं. फोनवाले त्यासाठी वाफेला शिव्या घालतात. आम्ही मात्र ती किती थकली तेच मोजतो, म्हणजे हवेत पाणी किती आहे ते कळतं. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "म्हंजे हे तुमची लहर हवेची चुगली करते." मी गेली चार वर्षं वर्गात असंच शिकवते. पोरं हसतात आणि परीक्षेत बरोबर लिहितात.

पहिली तीन भिंगं वाया गेली. टेफ्लॉन लोखंडासारखं गुमान बसत नाही. कातताना दबतं, उन्हात फुगतं, सकाळी घेतलेलं माप दुपारी चुकतं. मी चिडायचे. तुम्ही चिडायचे नाही. चौथ्या वेळी तुम्ही ते निम्मं कातून फडक्यात गुंडाळून ठेवलंत आणि मला म्हणालात, उद्या या. का, म्हणून विचारलं तर म्हणालात, "प्लास्टिक बी दमते मॅडम. त्याले रातभर निजू द्या, मंग सकाळी थंड्यात हात लावतो." हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही कॉलेजात फोन केलात, "तुमचा पेढा तयार हाये." तळहाताएवढं, मधे फुगीर, दुधासारखं पांढरं. तेव्हापासून आपल्या दोघांत त्याचं नाव पेढाच पडलं. कडेला तुमची खूण होती, शेजारी शेजारी ठोकलेले दोन ठिपके. तुमच्या हातून गेलेल्या प्रत्येक वस्तूवर ते असायचे, मग तो शाफ्ट असो की पंपाचा भाग.

कॉलेजच्या गच्चीवर यंत्र बसवलं, त्याच्या तोंडाशी पेढा. समोर अर्ध्या किलोमीटरवर शेतकरी भास्करभाऊंचं वावर, त्यातल्या मोटारीच्या खोलीवर ॲल्युमिनियमचा आरसा. आरसाही तुमचाच, आणि तो लावायला शिडीवर चढलातही तुम्हीच, या वयात, मी नको नको म्हणत असताना. लहर इथून जायची, आरशावर आपटून परत यायची. पडद्यावर पहिल्यांदा सरळ रेघ उमटली तेव्हा तुम्ही बराच वेळ ती पाहत राहिलात. मग म्हणालात, "आता चुगली करून दाखवा." मी म्हटलं, भिंगासमोर जा आणि जोरात श्वास सोडा. तुम्ही हा हा करून श्वास सोडलात. रेघ खाली गेली. तुम्ही वळून पाहिलंत, परत श्वास सोडलात, परत पाहिलंत. तिसऱ्यांदा करताना तुम्हाला हसू आवरेना. सदुसष्ट वर्षांचा माणूस गच्चीवर लहान मुलासारखा हसत होता, आणि खालून शिपाई ओरडून विचारत होता, काय झालं म्हणून.

त्या दिवशीच्या रेघेची फाईल मी परवा उघडली. सरळ रेघ आहे आणि मधे तीन खड्डे. ते तुमचे श्वास आहेत, चाचा. तिसरा जरा वेडावाकडा आहे, हसल्यामुळे. मी कॉम्प्युटर बंद केला आणि लॅबला आतून कडी लावून रडले.

तुमची माझी एक गोष्ट कधी जमली नाही. तुम्ही म्हणायचे, मशीन बोलत असेल तर आधी ऐकायचं. मी म्हणायचे, मशीन बोलत नसतं, आकडे बोलतात. "आकडे कोन काढते? मशीनच न?" तुम्ही म्हणायचे. दर भेटीत हाच वाद, दर वेळी चहा थंड होईपर्यंत. इम्रान ग्राइंडरवरून मान वर करून म्हणायचा, "अब्बा, मॅडमची गाडी चुकन." आणि मग तुम्ही स्कूटर काढून मला स्टँडवर सोडायचे, वाटभर तोच वाद.

या वर्षी दिवाळीआधी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मी नव्या ड्रॉइंगचं भिंग सांगितलं, तुम्ही कातलंत, मी लावलं. काही दिवस छान गेले. मग रेघ रोज पडायला लागली. ठरावीक वेळी एकदम खाली जायची, काही तास तशीच राहायची आणि परत वर यायची. एक आठवडा हे दिवसा, पुढचा आठवडा रात्री. गच्चीवरचं हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र सांगत होतं की हवा कोरडी ठणठणीत आहे. मग खोट कुठे असणार? मी ठरवूनच टाकलं. दिवसा उन्हाने भिंग फुगतंय आणि रात्री थंडीने आकसतंय. दोन्हीकडून दोष तुमच्याच गळ्यात. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना म्हणते. वहीत तारखांपुढे लिहीत गेले, भिंगाचा दोष, भिंगाचा दोष, भिंगाचा दोष.

तुम्हाला फोन केला, जाडी दशांश मिलिमीटरने कमी करून द्या म्हणून. तुम्ही स्कूटरवर आलात, भिंग घेऊन गेलात, चार दिवसांनी कागदात गुंडाळून परत आणलंत. "घ्या मॅडम, आता लावून पाहा." मी लावलं. आणि खरंच, रेघ पडायची थांबली. मी तुम्हाला म्हटलं, पाहा, मी सांगत नव्हते? तुम्ही नुसते हसलात. त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा पाहायचंच नव्हतं. मी जिंकले होते ना.

तीन आठवडे गेले आणि रेघ पुन्हा पडली.

मला तो दिवस लिहायचा नाही, पण त्यासाठीच तर हे सगळं लिहिते आहे. मी चिखलीला आले. दुकानात बाकड्यावर ट्रॅक्टर मेकॅनिक सुभाषभाऊ बसले होते, कापसाच्या जिनिंग कारखान्यातले दोघं काम घेऊन उभे होते, इम्रान ग्राइंडरवर. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "चाचा, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. ऑपरेशननंतर हे बारीक काम तुम्ही घ्यायलाच नको होतं."

इम्रानने ग्राइंडर बंद केलं. तुम्ही फडक्याने हात पुसलेत, एक एक बोट, सावकाश. "असन मॅडम," म्हणालात. मग फडकं खाली ठेवत, "पन एकडाव वावरात जाऊन पाहा."

"वावरात काय पाहू? वावर का भिंग कातते?" मी म्हटलं.

जिनिंगवाले हसले. चाचा, लोक हसावेत म्हणूनच मी ते तसं बोलले होते. तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि लेथकडे वळलात. त्या दिवशी स्टँडवर सोडायला तुम्ही आला नाहीत, आणि येऊ नये म्हणून मीही घाईनेच निघाले. माझी जीभ अशीच आहे, आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. पण आईला मी फोन करून माफी मागायचे. तुम्हाला केला नाही. पुण्याहून एक तयार भिंग मागवलं आणि ते यायची वाट पाहत बसले.

ते आलं त्याच्या आदल्या दिवशी इम्रानचा फोन आला. मी तासावर होते. "मॅडम, अब्बा गेले." सकाळी दुकान उघडलं, थोडं काम केलं, मशीनजवळ स्टुलावर बसले आणि तिथेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी आले तेव्हा माणसं तुम्हाला घेऊन निघाली होती. मी चाचींजवळ बसून राहिले. सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या, ही कोण म्हणून. चाची म्हणाल्या, "हे त्यायच्या कॉलेजवाल्या मॅडम. यायच्यासाठीच त त्यायनं बारीक कामाचा चष्मा घेतला." मला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुण्याचं भिंग लावलं. नवं कोरं, खोक्यातून काढलेलं. चौथ्या दिवशी सकाळी रेघ पडली, तशीच, तेवढीच.

आरसा लावल्यानंतर मी तेव्हा पहिल्यांदा वावरात गेले, चाचा. कॉलेजमागची कडुनिंबाची रांग ओलांडली की लगेच भास्करभाऊंचा हरभरा सुरू होतो. गच्चीवरून झाडांच्या शेंड्यांवरून आरसा तेवढा दिसतो, हरभरा नाही. सकाळचे दहा वाजले होते, त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, दिवसाची होती. मोटार चालू होती. हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाईप लावलेले, फवारे फिरत होते, आणि मोटारीच्या खोलीभोवती पाण्याचं धुकं दाटलं होतं. माझी लहर तिथेच खाली उतरते, त्या धुक्यातून आरशावर जाते आणि त्याच धुक्यातून परत येते. मी उभी राहिले तशी भिजले. लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला दोन पाणी. पहिलं पाणी झालं तेव्हा रेघ सुधारली, दुसरं सुरू झालं तेव्हा पडली. शेतकऱ्याच्या कुठल्याही पोराने एका दमात सांगितलं असतं. मी तीन मैलांवरच्या ढगातली वाफ मोजायची स्वप्नं पाहत होते आणि पायाखालचं पाणी दिसलं नाही.

भास्करभाऊ पाईप उचलता उचलता म्हणाले, "काऊन मॅडम, आज इकडं कशा?"

मी सांगितलं.

"चाचा त आले होते न! मागं, पह्यल्या पान्याच्या टायमाले. स्कूटर लावली, तिथं धुऱ्यावर बसले, फवारे पाहून एकटेच हसले. मी म्हटलं काय झालं, त म्हने मॅडमची लहर तुह्या हरभऱ्याची चुगली करून राह्यली."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी बी तेच म्हटलं. त म्हने, त्या एवढ्या शिकलेल्या, मी कसं सांगू? त्यायच्या डोळ्यानं पाहू दे."

मी धुऱ्यावर, त्या बांधावरच बसले. बहुतेक तुम्ही बसला होता तिथेच.

लॅबमध्ये येऊन मी तुमचं भिंग कपाटातून काढलं, कापसाने पुसलं आणि मायक्रोमीटर लावला. पहिल्यांदा. आयुष्यभर मुलांना सांगत आले की मोजल्याशिवाय बोलू नका, आणि तुमचं भिंग मी एकदाही मोजलं नव्हतं. मधे, कडेला, चारही बाजूंनी मोजलं. मी आधी दिलेल्या ड्रॉइंगचं माप जसंच्या तसं. दशांश सोडाच, केसभरही कमी नाही. तुम्ही ते कातलंच नव्हतं. घेऊन गेलात, मोजलंत, बरोबर आहे असं पाहिलंत, वावरात जाऊन खरं कारण शोधलंत, आणि तेच भिंग कागदात गुंडाळून मला परत दिलंत. मी त्याच्यावर ‘सुधारलेले’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. चाचा, तुम्ही त्या चिठ्ठीलाही हसला असाल.

पुण्याचं भिंग काढून तुमचं परत लावलं. वहीत ज्या ज्या तारखेपुढे भिंगाचा दोष लिहिलं होतं, तिथे लाल रेघ मारली आणि लिहिलं, हरभऱ्याला पाणी. प्रत्येक ठिकाणी, हाताने. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

पण वही कुणी वाचत नाही. मी बोलले होते ते माणसांसमोर. म्हणून आज सकाळी चिखलीला आले, घरी न जाता सरळ दुकानात. सुभाषभाऊ होते. जिनिंगवाल्यांना इम्रानने फोन करून बोलावून घेतलं, मीच सांगितलं तसं. ते बिचारे घाबरून आले. मी उभ्या उभ्याच म्हणाले, त्या दिवशीसारखं. "चाचांचं भिंग बरोबर होतं. माझी चूक होती. त्यांचा हात शेवटपर्यंत चांगला होता, आणि मी तुमच्यासमोर त्याला नाव ठेवलं."

सुभाषभाऊंनी मान खाली घातली. इम्रान म्हणाला, "अब्बाले माहीत होतं मॅडम. भिंग बरोबर हाये हे." आणि मग तो लेथकडे पाहत राहिला. काहीतरी सांगावं की नको, असा.

"काय रे?"

त्याने लेथवरचं फडकं काढलं. तुम्ही गेल्यापासून कुणी ते हलवलं नव्हतं. चकमध्ये, लेथच्या पकडीत, पांढरा टेफ्लॉनचा तुकडा धरलेला होता, निम्मा कातलेला. खाली ट्रेमध्ये पांढरी भुरभुर तशीच पडलेली. शेजारी माझं ड्रॉइंग, या वेळी सरळ ठेवलेलं, त्यावर तुमचा बारीक चष्मा.

"तुम्ही बोलून गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी थंड्यात लावायचे," इम्रान म्हणाला. "मी म्हटलं अब्बा, पह्यलं बरोबर हाये न, मंग हे काऊन? त म्हने, पाहू दे मले एकदा."

चाचा, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही फवारे पाहिले होते, माप घेतलं होतं, तुमच्याइतकं खात्रीने कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी माझ्या एका वाक्याने तुम्हाला तुमचा हात तपासून पाहावा लागला. चाळीस वर्षं ज्या हाताने लोखंड कातलं तो हात. लोक हसले ते मी कधीतरी विसरेन. तुम्ही त्या थंडीत एकटे बसून स्वतःला मोजत होता, हे मी कुठे ठेवू?

इम्रानने मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. चकमधून न काढता, जिथवर तुमचं हत्यार पोचलं होतं तिथवर मी तो तुकडा मोजला. सहा ठिकाणी मोजला आणि प्रत्येक माप मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तिथवर ते बरोबर होतं, चाचा. तिथवर अगदी बरोबर होतं.